पाल्य, पालक आणि पाळत

महाराष्ट्रातून संयुक्त अरब अमिरातीत स्थलांतरित झालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने येताना गोडा मसाला, कुकर, पोळपाट-लाटणे आणि मुलांच्या शाळेचे दाखले आणले, परंतु समोरच्या खिडकीतल्या काकू आणल्या नाहीत, आणि या एका उणिवेचे आर्थिक परिणाम अद्याप कोणी नीट अभ्यासलेले नाहीत. चाळ, वाडा किंवा सहकारी गृहनिर्माण संस्था या रचनांमध्ये मुलावर पाळत ठेवण्याचे काम सगळी इमारत विनामूल्य, अखंड आणि पुष्कळदा विनाकारण करीत असे. मुलगा टपरीपाशी कोणाबरोबर उभा होता याचा वृत्तान्त मुलाच्या आधी घरी पोहोचत असे, आणि त्यासाठी पासवर्ड, परवानग्या किंवा मासिक वर्गणी लागत नसे. शारजातील अल नाहदा किंवा दुबईतील अल कुसैस येथील वीस मजली इमारतीत डावीकडे फिलिपिनो परिचारिका, उजवीकडे इजिप्शियन अभियंता आणि समोर लिफ्ट अशी स्थिती असल्यामुळे ही व्यवस्था कोलमडते, कारण शेजाऱ्यांना मूल दिसत असले तरी चहाडी करण्यास लागणारी समान भाषा आणि सवड त्यांच्यापाशी नसते. मूल दुपारी शाळेच्या बसमधून उतरून घरी येते, आईवडील सायंकाळी शारजा-दुबई रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत उभे असतात, आणि मधल्या काळात मूल घरातच असते, पण फोनमध्ये शिरून कोठे गेलेले असते हे कोणाला सांगता येत नाही. ही काळजी खोटी नाही, आणि खऱ्या काळजीइतके उत्तम गिऱ्हाईक बाजाराला दुसरे मिळत नाही.

समाजमाध्यमांवरील जाहिरात बरोबर याच जागी येऊन बसते. तिची वेळ साधारणपणे रात्री साडेअकराची असते, म्हणजे ‘फोन ठेव आणि झोप’ असे मुलाला बजावून झाल्यावर पालक स्वतः पांघरुणात फोन घेऊन पडलेले असतात तेव्हाची. जाहिरातीत कपाळावर हात ठेवलेली एक आई, पाठमोरा बसलेला एक मुलगा आणि त्याच्या फोनकडे जाणारा एक लाल बाण असतो; वर प्रश्न असतो की तुमचे मूल या क्षणी कोणाशी बोलत आहे, आणि खाली उत्तराची किंमत एकोणपन्नास दिरहॅम असते. सवलत संपायला दहा मिनिटे उरल्याचे दाखवणारे एक घड्याळ बाजूला मागे मागे धावते आणि पान पुन्हा उघडले की तितक्याच उत्साहाने पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करते. जाहिरात नजरेतून सुटलीच, तर कोथरूडमध्ये राहणारी एखादी मावशी ‘सर्व पालकांसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असा मथळा देऊन तीच कुटुंबाच्या समूहात पाठवते. मावशीला स्वतःला मूल सांभाळायचे उरलेले नसते, पण सल्ल्याचा साठा शिल्लक असतो.

या जाहिरातींपैकी सर्वांत निरागस प्रकार म्हणजे ‘फक्त नंबर टाका’ हा होय. मुलाचा मोबाइल क्रमांक लिहिला की त्याचे व्हॉट्सॲपवरील सर्व संभाषण वाचता येईल, असा त्यात दावा असतो. व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनवर उघडतो. या पद्धतीला एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सांकेतिकीकरण, असे नाव असून मधल्या वाटेवर खुद्द व्हॉट्सॲपलाही तो मजकूर वाचता येत नाही. जे व्हॉट्सॲपला जमत नाही ते एकोणपन्नास दिरहॅममध्ये करून देणारी संस्था एकतर अलौकिक असावी किंवा लबाड असावी, असा तर्क दहावीचा विद्यार्थी सहज करू शकतो. परंतु जाहिरात त्याला दाखवलेली नसते, त्याच्या वडिलांना दाखवलेली असते. क्रमांक टाकल्यावर पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू भरत जाते, ‘सर्व्हरशी संपर्क’, ‘संदेशांचे विश्लेषण’ अशी वाक्ये उमटतात, आणि अखेरीस धूसर केलेल्या संदेशांची एक रांग दिसते, जिच्यात बदामाच्या आकाराचे एक चिन्ह तेवढे मुद्दाम स्पष्ट ठेवलेले असते. हा सगळा देखावा क्रमांक कोणताही टाकला तरी तसाच घडतो. गॅस एजन्सीचा टाकला तरी बदाम दिसतो. धूसरपणा घालवण्यासाठी बँकेच्या कार्डाचा तपशील भरावा लागतो, आणि तो भरल्यावर धूसरपणा जात नाही, पैसे मात्र दर आठवड्याला नियमाने जात राहतात.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. त्यात खरोखरच एक ॲप मिळते, पण ते गूगल किंवा ॲपलच्या अधिकृत दुकानातून मिळत नाही, तर एपीके या स्वरूपात, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट बसवता येणाऱ्या धारिकेच्या रूपात, एखाद्या दुव्यावरून उतरवून घ्यावे लागते. सोबतच्या सूचनापत्रात पहिली पायरी बहुधा ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ ही असते. प्ले प्रोटेक्ट म्हणजे घातक ॲप ओळखून अडवणारी फोनमधली पहारेकरी व्यवस्था. घराची सुरक्षा वाढवायला आलेल्या माणसाने आधी रखवालदाराला सुटी द्यायला सांगावे, तरीही कोणाला संशय येऊ नये, ही मानवी स्वभावाची एक थोर बाजू मानली पाहिजे. त्यानंतर ॲप परवानग्या मागते: संपर्कसूची, लघुसंदेश, छायाचित्रे, ध्वनिग्राहक, ठावठिकाणा, आणि सर्वांवर कळस म्हणून ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे सुलभता सेवा. ही सेवा दृष्टिहीन वा अन्य अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून निर्माण झाली असल्यामुळे तिला पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचता येते आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. ती ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या. भाड्याच्या करारनाम्याची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचणारा आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन सुपरमार्केटांतील भावांची तुलना करणारा हाच गृहस्थ ‘अनुमती द्या’ हे बटण मात्र जपाचे मणी ओढावेत तशा लयीत दाबत जातो.

येथे एक तांत्रिक विनोद घडतो. मुलाचा फोन हाती लागत नाही, कारण तो मुलाच्या हातून सुटत नाही. म्हणून पालक ‘आधी आपल्याच फोनवर चालवून पाहू’ असा शास्त्रीय विचार करतात, आणि ज्या ॲपने मुलावर नजर ठेवायची ते प्रथम पालकावर ठेवू लागते. मुलाच्या फोनमध्ये शाळेचा गृहपाठ, क्रिकेटचे तुकडे आणि मित्रांनी एकमेकांना पाठवलेली निरर्थक चित्रे असतात, तर वडिलांच्या फोनमध्ये बँकेचे ॲप, पारपत्राचे छायाचित्र, एमिरेट्स आयडी नावाच्या राष्ट्रीय ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत आणि गावाकडच्या जमिनीचा सातबारा असतो. चोराच्या दृष्टीने कोणता फोन वाचनीय हे सांगणे नलगे. अमिरातीतील बँकांनी जुलै २०२५ पासून मध्यवर्ती बँकेच्या सूचनेनुसार लघुसंदेशाने येणारा एकवेळचा परवलीचा आकडा टप्प्याटप्प्याने बंद करून व्यवहाराची खातरजमा थेट बँकेच्या ॲपमध्ये घेण्यास आरंभ केला, तो असले आकडे वाटेत चोरीला जातात म्हणूनच. तथापि सुलभता सेवेची परवानगी ज्याने हसतमुखाने देऊन टाकली आहे, त्याच्या बँकेच्या ॲपपर्यंतची वाट परक्याला मोकळी होते, आणि त्यापुढे मध्यवर्ती बँकेचा इलाज थिटा पडण्याची शक्यता राहते.

अमिरातीच्या रहिवाशाने या बाबतीत अनभिज्ञ असावे, असा त्या देशाचा इतिहास खरे तर नाही. जुलै २००९ मध्ये एतिसलात या दूरसंचार कंपनीने आपल्या ब्लॅकबेरी ग्राहकांना, ज्यांची संख्या सुमारे १,४५,००० होती, फोनची कामगिरी सुधारणारी म्हणून एक सुधारणा बसवून घेण्यास कळवले. ती बसवताच फोन तापू लागले आणि बॅटऱ्या झपाट्याने उतरू लागल्या. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कॅनेडियन कंपनीने हे आपले काम नव्हे असे जाहीर करून ते टेहळणीचे सॉफ्टवेअर असल्याचे सांगितले आणि ते काढून टाकण्याचे साधनही पुरवले. एतिसलातने आपल्या बाजूने हा दूरसंचार जाळ्याच्या सुधारणेचा भाग असल्याचे म्हटले. हेरगिरी तत्त्वाच्या पातळीवर उघडकीस येण्याआधी बॅटरीच्या पातळीवर उघडकीस आली, ही नोंद आजही उपयोगी आहे, कारण नवे ॲप बसवल्यापासून फोन दुपारीच मान टाकू लागला असेल तर उन्हाळ्याला दोष देण्यापूर्वी ॲपची चौकशी करणे योग्य ठरते.

दुसरा प्रसंग २०१९ चा. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातात, पण बोलणे होऊ दिले जात नाही. त्यामुळे सांगलीतल्या आजीला नातवाचे पडलेले दात दाखवायचे तरी कसे, हा तेथील मराठी घरांपुढचा खरा राष्ट्रीय प्रश्न होता. टोटॉक नावाच्या ॲपने तो फुकटात सोडवला, आणि फुकट, चालणारे व सर्वांनी घेतलेले असे तिन्ही गुण एकत्र आल्यामुळे कोणी पुढची विचारपूस केली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने हे ॲप अमिरातीच्या सरकारचे टेहळणीचे साधन असल्याचे वृत्त दिले. ॲपच्या चालकांनी आरोप नाकारला, पण त्याच सुमारास ॲपल आणि गूगल यांनी आपापल्या दुकानांतून ते हटवले. आजींनी मात्र बातमी वाचून एवढेच विचारले असणार की मग आता दिसणार कसे.

गोष्ट येथेही थांबली नाही, कारण चांगल्या नावाला मरण नसते. ईसेट या स्लोव्हाकियातील सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रोस्पाय आणि टोस्पाय अशी दोन हेरगिरीची ॲप कुळे उजेडात आणली, ज्यांचा रोख अमिरातीतील वापरकर्त्यांवर होता. ज्या टोटॉकवर हेर असल्याचा आरोप झाला होता त्याचाच वेष घेऊन नवे हेर आले होते, काहींनी सिग्नल या संदेशवाहक ॲपच्या ‘सुरक्षा पुरवणी’चे सोंग घेतले होते, आणि एक संकेतस्थळ तर सॅमसंगच्या ॲप-दुकानाची हुबेहूब नक्कल होते. बसवल्यानंतर ही ॲप खऱ्या ॲपकडे बोट दाखवीत किंवा तेच उघडून देत, त्यामुळे ग्राहकाला आपली फसवणूक झाली असे वाटण्याचे कारणच उरत नसे, आणि पडद्यामागे संपर्क, लघुसंदेश व धारिका निघून जात. मुलांवर देखरेखीचा दावा करणाऱ्या ॲपांशी याचा संबंध असा की दोघांचीही चाल एकच आहे: अधिकृत दुकानाबाहेर बोलवायचे, सुरक्षेच्या नावाने बोलवायचे, आणि आल्यावर सगळे ठीक चालले आहे असे दाखवायचे.

आता यांपैकी काही ॲप नुसती खोटी नसतात, ती खरोखरच मुलावर नजर ठेवतात. मात्र जमवलेली माहिती कोठे ठेवायची याबाबत त्यांचे धोरण उदार असते. टीनसेफ या अमेरिकी ॲपला मुलाचे ॲपल खाते वाचायचे असल्यामुळे त्या खात्याचे दुहेरी कुलूप आधी काढून ठेवा, अशी त्याची अट होती. मे २०१८ मध्ये या कंपनीने हजारो मुलांच्या खात्यांचे पासवर्ड साध्या वाचनीय अक्षरांत इंटरनेटवर उघडे टाकल्याचे आढळले. फॅमिली ऑर्बिट, किड्सगार्ड, एमस्पाय अशी ही नामावली पुढे चालू राहते. २०२५ मध्ये कॅटवॉचफुल या उरुग्वेतील ॲपचे बिंग फुटले तेव्हा ६२,००० हून अधिक ग्राहकांचे पासवर्ड आणि सुमारे २६,००० फोनांमधील माहिती एका संशोधकाच्या हाती लागली. हे ॲप आपण कोणालाही दिसत नाही असा दावा करीत असे, पण फोनच्या कळफलकावर ५४३२१० हे आकडे दाबले की निमूटपणे समोर येत असे. शिवाय त्या उघड्या पडलेल्या माहितीत खुद्द चालकाचीही ओळख सापडली, म्हणजे आपल्या मालावर विश्वास ठेवून तो स्वतः वापरणारा हा या धंद्यातील एक दुर्मीळ प्रामाणिक मनुष्य म्हटला पाहिजे.

एवढे होऊनही जाहिराती येतात कशा, याचे उत्तर मुलांपाशी नसून नियमांपाशी आहे. ऑगस्ट २०२० पासून गूगलने दुसऱ्याच्या नकळत त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिराती बंद केल्या, पण अज्ञान मुलांवर पालकांनी लक्ष ठेवण्याची साधने त्यातून वगळली. सूट न्याय्य होती; मात्र तिचा सहज होणारा परिणाम असा की जोडीदारावर संशय घेण्याचे जे यंत्र आदल्या दिवशी उघडपणे विकले जात होते, त्याला दुसऱ्या दिवशी अपत्यप्रेमाचा पान्हा फुटू शकत होता. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्याविषयी रॉयटर्स वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे जे प्रसिद्ध केले ते तर वाचता वाचता थांबून पुन्हा वाचावे असे आहे. २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे अंदाजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येतील असा कंपनीचाच अंदाज होता. जाहिरातदार लबाड असल्याची खात्री किमान ९५ टक्के झाली तरच त्याला हाकलले जाई, आणि खात्री त्याहून कमी असेल तर शिक्षा म्हणून त्याच्याकडून जाहिरातीचा दर वाढवून घेतला जाई. कंपनीने हा आकडा ढोबळ आणि फुगलेला असल्याचे म्हटले आहे. त्याच वृत्तानुसार फसव्या जाहिरातीवर एकदा बोट ठेवणाऱ्याला तशा जाहिराती आणखी दिसण्याची शक्यता वाढते, कारण यंत्रणा त्याला ‘आवड’ समजते. अर्थात एकदा फसलेल्या पालकाची जी ओळख सरकारदरबारी कोठेही नोंदलेली नसते, ती तेथे काळजीपूर्वक जपलेली असते.

फसल्यानंतर तक्रार का होत नाही, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. दुबई पोलिसांचे ई-क्राइम हे ऑनलाइन व्यासपीठ आणि ९०१ हा तातडीचा नसलेल्या कामांसाठीचा क्रमांक उपलब्ध असला, तरी तक्रारीच्या अर्जात घटना सविस्तर सांगावी लागते, आणि तेथे लेखणी अडते. मुलासाठी घेतलेले ॲप मुलापुरते राहतेच असे नाही. एकदा साधन घरात आले की ते रिकामे ठेवणे हा मध्यमवर्गीय संस्कारांत अपव्यय मानला जात असल्यामुळे मग पत्नी दुबईतील मीना बाजारात गेली की खरोखर मीना बाजारातच गेली, किंवा पती ‘मीटिंगमध्ये’ आहे तो कोणत्या मजल्यावर, हे पाहण्याचा मोह अनावर होतो. अमिरातीत अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा ३४ क्रमांकाचा संघीय कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्याच्या ४४ व्या कलमानुसार संमतीवाचून दुसऱ्याच्या खाजगी जीवनात शिरणे, त्याचे संभाषण चोरून ऐकणे किंवा त्याच्या ठावठिकाण्याचा मागोवा ठेवणे यासाठी किमान सहा महिन्यांचा कारावास आणि दीड लाख ते पाच लाख दिरहॅम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा होऊ शकते. त्यामुळे एकोणपन्नास दिरहॅम बुडाल्याची तक्रार लिहिता लिहिता गृहस्थाच्या लक्षात येते की आपण फिर्याद लिहीत आहोत की कबुलीजबाब, हे शेवटच्या परिच्छेदापर्यंत निश्चित होणार नाही. लुबाडणाऱ्यांना हा संकोच चांगला ठाऊक असतो; ‘तुम्ही काय शोधत होता ते घरी कळवू’ असा एक संदेश आला की वर्गणी रद्द करण्याचा विचारही रद्द होतो.

या सर्व खटाटोपाचा करुण भाग असा की जे विकत घेण्यासाठी पालक धडपडतात त्यातले रास्त तेवढे त्यांच्या फोनमध्ये फुकट असते. गूगलचे फॅमिली लिंक २०१७ पासून आणि ॲपलचे स्क्रीन टाइम २०१८ पासून उपलब्ध असून मूल कोणते ॲप किती वेळ वापरते आणि नवे ॲप घ्यायला परवानगी द्यावी का, एवढे त्यांतून ठरवता येते. १ जानेवारी २०२६ पासून अमलात आलेल्या, मुलांच्या डिजिटल सुरक्षिततेविषयीच्या अमिरातीच्या संघीय कायद्यानेही पालकांकडून मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्याची आणि त्यासाठीची साधने वापरण्याची अपेक्षा केली आहे. परंतु या अधिकृत साधनांत पालकांच्या मते दोन मोठे दोष आहेत. पहिला असा की ती मुलाला दिसतात आणि त्यांतून मुलाचे संदेश वाचता येत नाहीत, म्हणजे ज्यासाठी काकू प्रसिद्ध होत्या तोच विभाग त्यांत नाही. दुसरा दोष साधनाचा नसून दप्तराचा आहे: फोन नवा आणला त्या दिवशी घाईत त्यावर वडिलांचेच खाते उघडलेले असते, किंवा वयाची अट चुकवण्यासाठी मुलाचा जन्म १९८२ साली झाला असे लिहून दिलेले असते, आणि ज्याचे वय चव्वेचाळीस आहे त्याला फॅमिली लिंक मूल मानण्यास तयार होत नाही. असा सातवीतला चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा पुढे कित्येक महिने गृहकर्ज, गुडघेदुखीचे तेल आणि दुबई मरिनातील सदनिका यांच्या जाहिराती पाहत राहतो व त्याबद्दल कधी तक्रार करीत नाही.

चूक दुरुस्त करायची तर मुलाच्या खऱ्या वयाचे खाते करावे लागते, आणि ते मुलाच्या नकळत करता येत नाही, कारण घरात ते काम ज्याला येते असा एकमेव मनुष्य तोच असतो. रविवारी दुपारी जेवणानंतर ही बैठक बसते. मूल सर्व अटी ऐकून घेते, वडिलांच्या फोनवर लपून बसलेले ते एपीके जाता जाता शोधून काढते, ‘बाबा, हे कशाला घेतलंत?’ असे विचारते, उत्तराची वाट न पाहता ते उडवते, बँकेचा पासवर्ड बदलायला सांगते आणि प्ले प्रोटेक्ट पुन्हा सुरू करून देते. मग ते आपली एकच मागणी मांडते: आठवड्याचा स्क्रीन टाइमचा अहवाल येणार असेल तर तो घरातल्या चौघांचाही यावा आणि जेवणाच्या टेबलावर वाचला जावा. या मागणीवर आईचे आणि वडिलांचे प्रथमच एकमत होते, आणि बैठक मुलाच्या वार्षिक परीक्षेनंतरच्या सोयीच्या तारखेपर्यंत तहकूब केली जाते.